कोमट म्हणजे किती?

जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं मी पोरांना शिकवलं. तापमापकातला पारा वर चढताना बघून पोरांचे डोळे कसे मोठे व्हायचे, ते अजून आठवतं. पण घरातल्या लेकराच्या तोंडात जाणारं दूध किती ऊन असावं, हे नीट शिकायला मला निवृत्त व्हावं लागलं.

नातू झाला तो डिसेंबरात, दिवस भरायच्या सहा आठवडे आधी. वजन एक किलो नऊशे ग्रॅम. अडीच किलोच्या खालचं मूल कमी वजनाचं धरतात. हे तर दोन किलोचंही नव्हतं. परभणीला नवजात शिशूंच्या कक्षात बारा दिवस काढून आम्ही त्याला पालमला घरी आणलं, तेव्हा सूनबाईला दूध जेमतेम उतरत होतं. डॉक्टरांनी काही दिवस जोडीला पावडरचं दूध सांगितलं. पुढे तिचं दूध वाढलं, डबा बंद झाला. जूनमध्ये तिची १८० दिवसांची रजा संपली, ती गंगाखेडला कामावर रुजू झाली, आणि तिनं काढून ठेवलेलं दूध पाजायचं काम माझ्याकडं आलं. थंडी, उन्हाळा, पावडरचं दूध, अंगावरचं दूध, वाटी-चमचा, बोंडलं, बाटली, सगळं त्या एका वर्षात हातून गेलं. जे कळलं ते वहीत लिहीत गेले. ही त्या वहीतली पानं.

१. दुधाला एक तापमान नसतं, दोन असतात

हे सगळ्यात आधी सांगते, कारण बहुतेक घरांत घोळ इथंच होतो. पावडरचं दूध करताना पाणी किती ऊन हवं, हा एक प्रश्न. लेकराच्या तोंडात जाताना ते किती ऊन हवं, हा दुसरा. दोन्हींचं उत्तर आपण ‘कोमट’ असं एकच देऊन टाकतो.

मीही तेच करणार होते. पाणी उकळायचं, कोमट होऊ द्यायचं, त्यात पावडर कालवायची. कित्येक डब्यांवरही असंच छापलेलं असतं. परभणीहून सुटी देताना तिथल्या सिस्टरनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, “आजी, पावडर कशा पाण्यात टाकणार?” मी म्हणाले, कोमट. त्या म्हणाल्या, “नाही. पाणी चांगलं कढत पाहिजे. सत्तर अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही. दूध तयार झालं की मग निववायचं.”

कारण त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं, ते मी पुढे वाचून पक्कं केलं. डबा सीलबंद असला तरी आतली पावडर निर्जंतुक नसते. क्रोनोबॅक्टर नावाचा एक जंतू कोरड्या पावडरमध्ये तग धरून राहू शकतो. तो क्वचितच सापडतो, पण नुकत्या जन्मलेल्या, त्यातही अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात गेला तर जीवावर बेततं. पाणी ७० अंश किंवा त्याहून ऊन असेल तर तो मरतो. कोमट पाण्यात मरत तर नाहीच, उलट तिथं त्याची वाढ होते. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली पावडरचं दूध कसं करावं याची मार्गदर्शिका काढली, तिच्यात ७० अंशांचा आकडा स्पष्ट दिला आहे.

घरी तापमापक नसला तर? तीच मार्गदर्शिका सांगते की उकळलेलं पाणी अर्ध्या तासाच्या आत वापरावं. पण हा हिशेब लिटरभर पाण्याचा आहे. आपण उकळतो कपभर, तेही उघड्या पातेल्यात. मी मोजून बघितलं: जानेवारीतल्या सकाळी कपभर पाणी सात-आठ मिनिटांत सत्तरच्या खाली आलं. तेव्हापासून मी लिटरभर पाणी झाकणाच्या पातेल्यात उकळायला लागले आणि गॅस बंद केल्यावर घड्याळ बघायला लागले. आधी मापून पाणी, मग सपाट केलेला चमचा पावडर, झाकण लावून हलवायचं, आणि बाटली किंवा वाटी गार पाण्याच्या भांड्यात धरून निववायची.

डब्यावरची सूचना आणि हा नियम जुळत नसेल तर आपल्या डॉक्टरांना डबा दाखवून विचारावं. माझं मत विचाराल तर दोन महिन्यांच्या आतल्या आणि कमी वजनाच्या लेकरासाठी सत्तरवर तडजोड करू नये.

२. भाकरी थापणाऱ्या बोटांवर विश्वास ठेवू नका

जानेवारीतली संध्याकाळ. चुलीवर भाकरी चालल्या होत्या. रात्रीच्या जागरणांनी सगळे थकलेले, म्हणून त्या आठवड्यात आम्ही प्लॅस्टिकची बाटली आणली होती. लेकरू रडायला लागलं. तव्यावरची भाकरी उलटून मी उठले, दूध केलं, दोन मिनिटं पाण्यात धरलं, झाकण काढून करंगळी बुडवली. कोमट वाटलं. बाटली तोंडाला लावली.

एक घोट, आणि त्यानं जो टाहो फोडला तो मी जन्मात विसरणार नाही. इवलंसं तोंड उघडून बघितलं तर टाळ्याचा पुढचा भाग लालबुंद. त्याच रात्री डॉक्टरांकडं नेलं. भाजलेलं वरवरचं होतं, दोन-तीन दिवसांत बरं झालं. तेवढे दिवस तो वाटी जवळ आली तरी मान फिरवायचा. सूनबाई मला एका शब्दानं बोलली नाही. माझ्या मनाला मात्र ते फार लागलं.

चूक कुठं झाली? चाळीस वर्षं ज्या बोटांनी तव्यावरची भाकरी उचलली, त्यांची कातडी राठ झालेली. शिवाय ती बोटं त्या क्षणी चुलीजवळून आलेली, तापलेली. शाळेत मी स्वतः पोरांकडून एक प्रयोग करून घ्यायचे. तीन वाट्या मांडायच्या: ऊन पाणी, गार पाणी, मधल्या वाटीत साधं पाणी. एक हात ऊन पाण्यात, एक गारमध्ये ठेवायचा आणि मग दोन्ही हात मधल्या वाटीत घालायचे. तेच पाणी एका हाताला गार लागतं, दुसऱ्याला ऊन. पोरं ओरडायची, “बाई, असं कसं?” तापलेल्या हाताला ऊन वस्तूही निवल्यासारखी वाटते, हे मी शेकडो पोरांना शिकवलं होतं. घरात, घाईत, ते मला आठवलं नाही.

भांडी घासून आलेला हात, चुलीपुढून उठलेला हात, थंडीत बाहेरून आलेला हात, यातला एकही हात दुधाची परीक्षा करायच्या कामाचा नाही. बोट बुडवल्यानं हाताची घाण दुधात जाते, ते वेगळंच.

३. मनगट पारखून घ्या

मनगटाच्या आतल्या बाजूला दुधाचे थेंब टाकून बघा, असं सगळेच सांगतात. पण थेंब कसे लागले म्हणजे बरोबर, हे कोणी सांगत नाही. मला तर आता कशावरच भरवसा उरला नव्हता. म्हणून मी माझ्या मनगटाचीच परीक्षा घेतली.

माझे दीर दूध संकलनाच्या कामात आहेत. त्यांच्याकडं दुधाची प्रत बघताना वापरायचा काचेचा तापमापक असतो, तो मागून आणला. ताप बघायचा घरातला तापमापक या कामाला चालत नाही. तो साधारण ४२च्या पुढं मोजतच नाही. एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळली: काचेचा तापमापक लेकराच्या दुधात कधीच घातला नाही. फुटला तर काय घ्या. सगळी मोजणी साध्या पाण्यावर केली.

ओट्यावर चार वाट्या मांडल्या. पहिल्या वाटीत ३० अंशांचं पाणी, दुसरीत ३७, तिसरीत ४५, चौथीत ५०. सूनबाईला म्हटलं, मी डोळे मिटते, तू वाट्यांची जागा बदल आणि चमच्यानं माझ्या मनगटावर थेंब टाक.

३० अंशांचं पाणी लगेच ओळखू आलं: गार. ५०चा चटका बसला, हात आपोआप मागं आला. ४५ला चटका नव्हता, पण ‘ऊन आहे’ हे स्पष्ट कळत होतं. आणि ३७? त्याचं नवल वाटलं. थेंब पडल्याचा ओलेपणा तेवढा कळला, गार का ऊन ते ठरवताच येईना. अगदी लक्ष दिलं तर किंचितशी ऊब. मनगटाची कातडी आतल्या शरीरापेक्षा चार-पाच अंशांनी थंडच असते, म्हणून ही नुसती ऊब.

मग त्याच वाट्यांत बोटं बुडवली. माझ्या बोटांना पन्नास अंशांचं पाणी कोमट लागलं. त्या दिवशी संध्याकाळी काय झालं असेल, ते मला तिथं ओट्याजवळ उभ्या उभ्या समजलं.

दूध मनगटावर पडलं आणि त्याची ऊन-गार अशी काही बातमीच आली नाही, की ते पाजायला योग्य. ‘बरं ऊन लागतंय’ असं मनात आलं तर अजून निवू द्यायचं. आईच्या अंगाला बाळ पितं ते दूध तिच्या शरीराइतकं, म्हणजे ३७ अंशांच्या आसपास असतं. त्याच्या पुढं जाण्याचं कारणच नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. बाटलीच्या बोंडातून पडणारे पहिले एक-दोन थेंब खोटं बोलतात. रबरात अडकलेलं दूध आतल्या दुधाआधी गार झालेलं असतं. बाटली हळू गोल फिरवायची, पहिले थेंब सोडून द्यायचे आणि मग तीन-चार थेंब लागोपाठ टाकायचे. मे महिन्यात आधी मनगटावरचा घाम पुसायचा, नाहीतर तिथंही फसगत होते.

४. बोंडलं हाताला खरं सांगायचं

माझ्या मुलाच्या वेळी आमच्या घरात चांदीचं बोंडलं होतं, माझ्या सासूबाईंनी दिलेलं. लांब चोचीची ती चिमुकली वाटी. चांदी आतल्या दुधाची ऊब क्षणात बाहेर आणते. दूध जास्त ऊन असलं तर बोंडलं हातात धरवत नाही. प्लॅस्टिकच्या बाटलीचं उलटं आहे. आत कढत दूध असलं तरी बाहेरून ती नुसती उबदार लागते. बाटली गालाला लावून दूध ठरवणारी माणसं मी पाहिली आहेत. ती प्लॅस्टिकची ऊब बघतात, दुधाची नाही.

परभणीच्या सिस्टरांनीही बाटलीपेक्षा वाटी-चमच्यावरच भर दिला होता. धुवायला सोपं, कोपरे नाहीत, रबर नाही, आणि लेकराची आईच्या अंगाची सवय मोडत नाही. त्या संध्याकाळनंतर आम्ही बाटली माळ्यावर टाकली ती थेट जूनमध्येच काढली. बोंडलं मात्र रोज उकळून घ्यावं लागतं, आणि त्याच्या चोचीतून ब्रश फिरवायला विसरू नये. चोचीतल्या वळणावर दूध वाळून बसतं.

५. अंगावरच्या दुधाला पावडरचा नियम लावायचा नाही

सत्तर अंशांचं माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं, की जूनमध्ये सूनबाईनं काढून ठेवलेलं दूध मी तापवायलाच निघाले होते. तिनं हात धरला.

आईचं दूध निर्जंतुक करायची गरज नसते. त्यात बाळाला रोगांपासून राखणारे घटक असतात आणि उकळी दिली की ते वाया जातात. ते फक्त ऊबदार करायचं, तेही ऊन पाण्याच्या भांड्यात बाटली उभी धरून. पाणी बाटलीच्या झाकणापर्यंत येऊ द्यायचं नाही. पाच-सात मिनिटं पुरतात. पंधरा मिनिटांच्या वर तर ठेवूच नये.

दान केलेलं आईचं दूध मात्र तापवावंच लागतं, कारण ते दुसऱ्याच्या बाळाला जायचं असतं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी २७ नोव्हेंबर १९८९ रोजी दुधाची पेढी सुरू केली, ती आशियातली पहिली. तिथं जी पद्धत वापरतात तिच्यात दूध साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास ठेवतात आणि झटकन गार करतात. जंतू मरावेत आणि दुधातलं चांगलं जास्तीत जास्त टिकावं, यासाठी इतका नेमका आकडा. मी हे वाचलं तेव्हा वाटलं, अपुऱ्या दिवसांच्या परक्या लेकरांसाठी कोणीतरी दुधाचा अर्धा अंशसुद्धा जपतंय, आणि आपण घरी अंदाजानं तापवतो.

सूनबाई गंगाखेडहून दूध आणायची ते बर्फाच्या थैल्या घातलेल्या डब्यात. घरी आलं की लगेच फ्रिजच्या आतल्या बाजूला ठेवायचं, दारात नाही. दार सारखं उघडतं, तिथं गारवा टिकत नाही. प्रत्येक बाटलीवर तारीख आणि वेळ. आम्ही २४ तासांच्या पुढं कधी ठेवलं नाही, कारण वीज किती वेळा जाईल याचा भरवसा नाही. काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं असं पुस्तकात असतं. पण नीट वाचा, ते २५ अंशांच्या खोलीसाठी लिहिलेलं असतं. आमच्या माजघरात जूनच्या पहिल्या आठवड्यात ३५ असतात.

फ्रिजमधून काढलेल्या या दुधावर वर एक दाट थर आलेला दिसतो. एका शेजारणीनं “दूध फाटलं की हो” म्हणून टाकायला लावलं होतं. ते फाटलेलं नसतं, वर आलेलं स्निग्ध असतं. ऊबदार झाल्यावर बाटली हळूच गोल फिरवली की मिसळून जातं.

६. मायक्रोवेव्ह नको, गॅसवर बाटली नको

पुण्याची लेक सुटीला आली तेव्हा म्हणाली, आमच्याकडं तीस सेकंदांत होतं. होतं खरं, पण एकसारखं होत नाही. बाटलीत एका जागी दूध गार राहतं आणि शेजारीच कढत होतं. मनगटावर गार थेंब पडतो आणि लेकराच्या तोंडात कढत घोट जातो. बाटली थेट उकळत्या पातेल्यात ठेवली तरी कडेचं दूध मधल्यापेक्षा ऊन होतं. कशीही गरम करा, हलवल्याशिवाय थेंब बघू नका.

७. डिसेंबराची रीत मे महिन्यात चालत नाही

बाहेरगावच्या लोकांना मराठवाडा म्हटलं की ऊन आठवतं. परभणीची थंडी त्यांना ठाऊक नसते. कृषी विद्यापीठात पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरल्याच्या बातम्या आम्ही हिवाळ्यात वाचतो, आणि मे महिन्यात त्याच परभणीत तो चव्वेचाळीसच्या पुढं जातो. एकाच घरात, एकाच लेकराला, त्याच वाटीनं दूध पाजताना चाळीस अंशांचा फरक सांभाळायचा असतो.

थंडीत अडचण अशी, की कमी वजनाचं लेकरू सावकाश पितं. दहा मिनिटं गेली की दूध गार, आणि गार दुधानं इतक्या लहान जिवाच्या अंगातली ऊब खर्ची पडते. पहिल्यांदा मी यावर उपाय म्हणून दूध थोडं जास्त ऊन द्यायला गेले. ते चूक. दूध नेहमी तेवढंच ऊन ठेवायचं, पण निम्मं निम्मं करायचं. ३० मिली वाटीत, बाकीचं झाकून ऊन पाण्याच्या भांड्यात. वाटी संपली की दुसरी. लेकराला छातीशी, पदराच्या आत धरून पाजायचं. घरी आणल्यावर आशाताई ठरलेल्या दिवशी यायच्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या. दर खेपेला त्या लेकराचे तळपाय आपल्या हातानं चाचपायच्या. तळपाय गार असले की आधी लेकराला ऊब, मग दूध. घरी येऊन नवजात बाळाला बघायची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी बसवली आणि पुढं देशभर गेली, हे आमच्या आशाताई अभिमानानं सांगायच्या.

उन्हाळ्यात सगळं उलटलं. पाच महिन्यांचा झालेला नातू मे महिन्यात ऊबदार दुधाला तोंड लावेना. दोन घोट घेऊन मान वळवायचा. मी घाबरले, आजारी आहे की काय. डॉक्टर म्हणाले, “आजी, बाहेर त्रेचाळीस आहेत, तुम्हाला चहा नको वाटतो ना? मग त्यालाही गरम नको वाटत असेल.” दिवस भरलेलं किंवा भरून निघालेलं, अंग धरलेलं निरोगी लेकरू साधं, न तापवलेलं दूधही पिऊ शकतं, त्यानं पोट बिघडत नाही. पोट बिघडतं ते उशिरा दिलेल्या, बाहेर राहिलेल्या दुधानं. ३७ अंश ही लेकराची आवड आणि सवय आहे. पावडरसाठीचे ७० अंश ही सक्ती आहे. हा फरक कळल्यावर माझं अर्धं ओझं उतरलं.

मे महिन्यात वरच्या टाकीतलं पाणी नळाला कढत येतं. त्यात वाटी धरून दूध निवत नाही. मी माठातलं पाणी एका पातेल्यात काढून घ्यायचे आणि त्यात वाटी ठेवायचे. आणि हो, उकाड्यात लेकराला चमचाभर पाणी पाजावं असं फार मनात येतं. सहा महिन्यांच्या आत पाजू नका. त्याची तहान दुधानंच भागते. दूध जरा जास्त वेळा द्या.

८. उरलेलं दूध टाकून द्यायचं

हा धडा मला सगळ्यात जड गेला. दुष्काळ बघितलेल्या आम्हा माणसांना दूध ओतून देताना हात कापतो. माझ्या आईनं वाटीला लागलेलं दूध विसळूनसुद्धा वाया जाऊ दिलं नव्हतं.

पण लेकराच्या तोंडाला लागलेल्या बाटलीत त्याची लाळ गेलेली असते, दूध कोमट असतं आणि बाहेर चाळीस अंश. जंतूंना याहून चांगली जागा मिळणार नाही. असं उरलेलं दूध पुन्हा ऊन करून देणं म्हणजे त्यांना आणखी सवड देणं. केलेलं दूध तोंडाला लागलं नसलं तरी दोन तासांच्या पुढं बाहेर ठेवायचं नाही. आमच्याकडं उन्हाळ्यात मी तासाच्या पुढं जाऊ दिलं नाही. यावर उपाय एकच: कमी करायचं, पुन्हा करायचं. पावडर किती महाग पडते ते मला ठाऊक आहे. म्हणूनच ६० मिली करा, लागलं तर आणखी ३० करा. डबा पुरावा म्हणून चमचे कमी घालून दूध पातळ करणं मात्र अजिबात नको. त्यात लेकराचं पोट भरतं आणि अंग भरत नाही.

आमच्याकडं उरलेलं मांजरीला जायचं. तेवढंच मनाला बरं.

९. प्रवासात थर्मासमध्ये पाणी न्या, दूध नको

तपासणीला परभणीला जायचं तर गंगाखेडमार्गे एसटीत निम्मा दिवस जातो. पहिल्या खेपेला मी शहाणपणा करून दूधच थर्मासात भरून घेणार होते. थर्मासात दूध तासन्‌तास ऊबदार राहतं, आणि नेमकं तेच नको असतं. थर्मासात उकळतं पाणी भरायचं, मापून घेतलेली पावडर कोरड्या डबीत वेगळी, आणि लागेल तेव्हा दूध करायचं. थर्मास आधी उकळत्या पाण्यानं विसळून घेतला तर पाणी जास्त वेळ कढत राहतं. निववायला पाण्याची गार बाटली बरोबर असू द्या.

१०. आईला बोल लावू नका

कोणी घरी आलं की पहिला प्रश्न, “अंगावर पाजत नाही का?” सूनबाई उठून आत जायची. आईचं दूध सगळ्यात चांगलं, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती; ती दर दोन तासांनी दूध काढायला बसत होती. दुधाच्या पावडरची आणि बाटल्यांची जाहिरात करायला आपल्याकडं १९९२च्या कायद्यानं बंदी आहे, आणि डब्यावर आईच्या दुधाचं महत्त्व छापावंच लागतं. तो कायदा कंपन्यांसाठी आहे. थकलेल्या बाळंतिणीला ऐकवण्यासाठी नाही. मायेचे दोन शब्द, गरम जेवण आणि सलग तीन तासांची झोप मिळाली तेव्हा तिचं दूध वाढलं, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

११. आपला हात दुसरीच्या हाताला लावून द्या

गेल्या दिवाळीनंतर मागच्या गल्लीतली एक बाई दारात आली. लेक-जावई उसाच्या टोळीबरोबर गेलेले, सात महिन्यांची नात तिच्याजवळ ठेवून. हातात बाटली, काखेत पोर.

“बाई, दूधच घेईना बघा हे लेकरू. तोंड लावतंय अन् रडतंय.”

आधी मी पोरीला डॉक्टरांना दाखवून आणलं. तोंड आलेलं नव्हतं, कान ठीक होते. दूध गाईचं होतं. सहा महिने उलटून गेलेल्या, अंगावरचं बंद झालेल्या लेकराला नीट उकळलेलं, पाणी न घातलेलं दूध आणि बरोबर मऊ वरण-भात चालतो, असं डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं. तपासण्यासारखं आता एकच उरलं होतं. मी विचारलं, “ऊन किती देता?”

“कोमटच देते की.”

मी तिला ओट्याजवळ बसवलं, पाणी तापवलं, तापमापक काढला आणि चार वाट्या मांडल्या. तिला डोळे मिटायला सांगितलं. तिचं मनगट हातात घेतलं तेव्हा तळवा लागला. कापूस वेचून, भाकरी थापून माझ्यापेक्षा राठ झालेला. पहिला थेंब टाकला. “गार.” दुसरा. “काईच कळंना.” तिसरा. “ऊन हाय.” चौथ्याला तिनं हात झटकला आणि डोळे उघडले.

मग मी तिला म्हटलं, आता नेहमी जसं बघता तसं बघा. तिनं एकेका वाटीत बोट बुडवलं आणि चौथ्या वाटीपाशी थांबली. पुन्हा बुडवलं. माझ्याकडं बघितलं, मग मांडीवरच्या पोरीकडं.

“बाई, हे तर मी रोज पाजते.”

मी वाट्यांतलं पाणी ओतलं, पुसून घेतल्या, आणि आम्ही पहिल्या वाटीपासून पुन्हा सुरू केलं. या खेपेला थेंब तिनं स्वतःच टाकले.